पाण्याच्या खोक्यांमागचा कोपरा

६ नोव्हेंबर २००६, सोमवार

आजपासून वसईचं काम. मी गोखिवऱ्याला राहते म्हणून ते मला मिळालं, दुसरं कारण नाही. ऑफिसातले जितेंद्र सर म्हणाले, "घरचंच दुकान समज." घरचं नाही. आमच्या घरी वस्तू कुठे आहे हे निदान एका माणसाला तरी माहीत असतं.

दुकानाचं नाव 'ॲन्सेल्म अँड सन'. पश्चिमेला. खाली एक लांब हॉल, मागे गोडाउन, वर काचेची केबिन. वाणसामान, बेकरी, भांडी, शाळेच्या वस्तू. हॉलमध्ये नऊ बायका काम करतात, गोडाउन धर्मा नावाचा माणूस बघतो. मालक ॲन्सेल्म अंकल गल्ल्याजवळ खुर्ची टाकून बसतात आणि गिऱ्हाइकांच्या घरची चौकशी करतात. दुकान खरं चालवतो त्यांचा मुलगा ग्लेन. तो दुबईत एका मोठ्या मॉलमध्ये होता.

काम असं: छताला दोन ॲक्सेस पॉइंट लावायचे. पांढरे, पुस्तकाएवढे डबे. त्यांच्यातून दुकानभर वायरलेस सिग्नल. प्रत्येक बाईच्या हातात एक स्कॅनर. फळीवरच्या मालावर धरला की काय संपत आलं ते वरच्या कॉम्प्युटरला कळणार. कागद नाही, तार नाही.

ग्लेन म्हणाला, "नाताळच्या आधी चालू हवं. जानेवारीत मला नऊपैकी सहाच ठेवायच्या आहेत. कोण काम करतं, कोण टाइमपास करतं, ते सिस्टीमच सांगेल."

मी म्हटलं, "सिस्टीम फक्त आकडे देते."

"मला तेच हवेत."

तो माझा विषय नाही. माझा विषय सिग्नल. हे माझं एकटीचं पहिलं काम आहे आणि एकतीस डिसेंबरला माझं प्रोबेशन संपतं.

७ नोव्हेंबर

सर्व्हे केला. लॅपटॉप हातावर धरून प्रत्येक गल्लीतून चालत जायचं आणि सिग्नल किती ते नकाशावर लिहायचं. आकडे उण्यात येतात. उणे पन्नास उत्तम, उणे पंच्याहत्तरच्या खाली गेलं की स्कॅनरचा संपर्क तुटतो. दुकानात कुठेही उणे पासष्टच्या खाली गेलं नाही. गोडाउनच्या दारापाशीही नाही. दिवाळीनंतरचे दिवस, शेल्फ निम्मे मोकळे, गर्दी नाही. काम शांतपणे झालं.

एक बाई माझ्या मागे मागे फिरत होती. लिडिया. पन्नाशीची असेल. बिस्किटांच्या गल्लीत तिने विचारलं, "काय शोधते बाय? सोनं?"

"सिग्नल."

"हरवला?"

"नाही. आहे की नाही ते बघते."

"आमच्या फादरांसारखं बोलते गो तू," ती म्हणाली आणि साबणाच्या वड्या लावायला गेली. ती एक हात सतत फळीवर ठेवून चालते.

रात्री बाबांची पाळी माझी होती. त्यांना दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागतं. एक रात्र आई, एक रात्र मी. जूनमध्ये ते अंथरुणाला खिळले, तेव्हापासून असं चालू आहे.

१३ नोव्हेंबर

स्कॅनर आले. बायकांनी त्याचं नाव 'पिस्तूल' ठेवलं. टिफनी, त्यांच्यातली सगळ्यात लहान, तिने धर्मावर रोखलं. "हॅन्ड्स अप, धर्मा!"

"मार गो मार. किती किंमत दाखवतंय ती तरी बघ."

स्कॅनर दोनदा वाजला. "'माल सापडत नाही' आलंय."

"बायको पन तेच बोलते," धर्मा म्हणाला. तो जवळच्या जूचंद्र गावचा आहे. हसला नाही, पोतं उचलून निघून गेला. बाकी सगळ्या हसल्या.

ग्लेनच्या सांगण्यावरून मी सगळ्यांना रंग समजावले. वर त्याच्या स्क्रीनवर प्रत्येकीच्या नावापुढे एक पट्टी असते. स्कॅन होत असेल तर हिरवी. स्कॅनर जोडलेला आहे पण दहा मिनिटांत एकही स्कॅन नाही, तर लाल. स्कॅनर नेटवर्कपासून तुटला असेल तर राखाडी.

लिडियाने विचारलं, "लाल झाली म्हणजे आमची चूक?"

"काम थांबलं असा अर्थ."

"आणि राखाडी?"

"ती तुमची चूक नाही. नेटवर्कची."

"म्हणजे तुझी."

"कंपनीची."

"पण ओरडा कोण खाणार? कंपनी की तू?"

"मला विचारतील."

तिने हातातला स्कॅनर उलटसुलट करून बघितला. मग म्हणाली, "आणि हे तुटतं कशाने?"

उत्तर दिलं. लोखंड अडवतं. पाणी शोषून घेतं. माणसांची गर्दीही, कारण माणसाच्या अंगात पुष्कळ पाणी असतं.

"पाण्यातनं तर आरपार दिसतं."

"प्रकाश जातो. हा जात नाही."

प्रश्न चांगला होता. आमच्या कॉलेजात पहिल्या वर्षी कुणी विचारला नव्हता. त्यानंतर त्या आपापसांत त्यांच्या बोलीत बोलायला लागल्या. मला त्यातलं निम्मं कळतं.

२० नोव्हेंबर

यंत्रणा व्यवस्थित चालू आहे. भारनियमनात दुपारी वीज जाते, जनरेटर लागेपर्यंत डबे बॅटरीवर टिकतात. हे मी मुद्दाम तपासलं.

संध्याकाळी ग्लेनने लिडियाला वर बोलावलं. मी केबिनमध्येच सेटिंग बदलत होते, म्हणून ऐकलं.

"लिडिया आंटी, आज तीनदा लाल. काय करत होता?"

"उभी होते."

"उभं राहणं म्हणजे काम नाही ना."

"नुसतं उभं राहणं पण मला काम झालंय रे बाबा."

"आंटी, मस्करी नको. जानेवारीत मला लिस्ट काढायची आहे. तुम्ही आमच्याच चर्चच्या, पारिशच्या, मला वाईट वाटेल."

ती जिना उतरताना एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत होती. टिफनीने मला सांगितलं की लिडियाला सप्टेंबरात चिकुनगुनिया झाला. ताप गेला, सांधे राहिले. त्यात पहाटे केळीच्या वाडीला पाणी द्यायला तीच उठते, कारण पंपाला वीज तेव्हाच येते. नवरा बोटीवर असतो. "आधी बिस्किटांच्या गल्लीत निळं स्टूल होतं ना, तिथे आम्ही टर्न बाय टर्न बसायचो. ग्लेनने काढून टाकलं. बोलतो, दुबईला कोणी बसत नाही."

मी म्हटलं, "हे तू मला का सांगतेस?"

"असंच," ती म्हणाली.

नोंदवण्यासारखं एक. स्क्रीन येण्याआधी ग्लेन दिवसभर हॉलमध्ये फिरायचा. आता तो खाली उतरत नाही.

२४ नोव्हेंबर

राखाडी पट्ट्या. लिडिया पाऊण तास, टिफनी वीस मिनिटं, आणखी दोघी. सगळ्या मागच्या डाव्या कोपऱ्यात, गोडाउनच्या दाराजवळ. सर्व्हेत तिथे उणे बासष्ट होतं. आज उणे अठ्ठ्याऐंशी.

कारण लगेच सापडलं. पाण्याच्या बाटल्यांची खोकी. धर्माने ती डोक्याच्या वर रचली आहेत, एका ओळीत, अगदी डब्याच्या आड येतील अशी. रिकाम्या दुकानाचं माप घेतलं ही माझी चूक. भरल्या दुकानाचं घ्यायला हवं होतं.

धर्माला खोकी हलवायला सांगितली. "हलवतो ना ताई," म्हणाला आणि हलवली. उणे चौसष्ट. काम संपलं.

२७ नोव्हेंबर

खोकी परत तिथेच. धर्मा म्हणतो, टेम्पोवाला मागच्या दाराने येतो, त्याला तिथेच उतरवायची सवय. सवय मोडायला वेळ लागतो, हे मान्य. पुन्हा हलवायला लावली.

१ डिसेंबर

खोकी हलवण्यापेक्षा डबा हलवणं सोपं, असं ठरवून काल मागचा ॲक्सेस पॉइंट दोन मीटर उजवीकडे सरकवला. शिडीवर मीच चढले. संध्याकाळी सगळं हिरवं.

आज सकाळी आले तर रांगेला काटकोनात दुसरी रांग. आता वीस लिटरचे जारही. उणे एक्क्याण्णव.

"धर्मा, हे काय?"

"नाताळचा साठा, ताई."

"इतकं पाणी?"

"पावने येतात. पानी लागतं."

गल्ल्यावरून ॲन्सेल्म अंकल मोठ्याने हसले. "अरे, वसईत नाताळला पाणी कोण पितो रे?" सगळा हॉल हसला. मग त्यांनी उगाचच चष्मा पुसायला घेतला आणि म्हणाले, "राहू दे, राहू दे. पाणी काय नासत नाय."

मागणीचा अंदाज माझ्याकडे नाही, त्यामुळे यावर बोलता आलं नाही.

६ डिसेंबर

जितेंद्र सरांचा फोन. ग्लेनने तक्रार केली आहे. रोज एकूण पाच-सहा तासांची राखाडी, नऊही जणींत जवळजवळ सारखी वाटलेली. सर म्हणाले, "दोन डबे, एक हॉल. यात न जमण्यासारखं काय आहे?" मी म्हटलं, "सर, माल सतत हलतो." ते म्हणाले, "मग मालाच्या मागे लाग."

नऊ जणींत सारखी वाटलेली हे विचित्र आहे. दोष जागेचा असेल तर ज्या त्या गल्लीत काम करतात त्यांच्याच वाट्याला जास्त यायला हवा. मसाल्यांच्या गल्लीतली बाई रोज त्या कोपऱ्यात का जाते? उद्या बघेन. आज डोळे उघडे राहत नाहीत.

७ डिसेंबर

बघितलं नाही. बाबांना ताप.

११ डिसेंबर

सलग तीन रात्री माझ्या. आईची कंबर धरली आहे. बाबांचा ताप उतरला, पण ते उजव्या हाताने चादर चाचपत राहतात, काहीतरी शोधल्यासारखे. काय हवं ते त्यांना सांगता येत नाही आणि मला ते ओळखता येत नाही. पाणी, उशी, रेडिओ, सगळं देऊन बघते.

दुपारी दुकानात गेले. खोक्यांच्या मागे जाऊन मोजायचं ठरवलं. दोन्ही रांगा आणि भिंत यांच्यामध्ये एक माणूस मावेल एवढी जागा सोडलेली आहे. आत शिरले. जुनं निळं स्टूल, त्यावर घडी घातलेलं पोतं, भिंतीच्या खिळ्याला बामची बाटली अडकवलेली. मापनाला यातल्या कशाचाच अडथळा नाही. लॅपटॉप मांडीवर घ्यायचा म्हणून स्टुलावर बसले. उणे नव्वद, उणे एक्क्याण्णव, मग सिग्नल नाही.

पुढचं आठवत नाही.

जाग आली तेव्हा लॅपटॉप बंद करून बाजूच्या खोक्यावर ठेवलेला होता. माझ्या खांद्यावर दुकानाचा निळा ॲप्रन. तो बामाने घमघमत होता. बाहेर लिडिया, पाठ माझ्याकडे करून, नूडल्सची पाकिटं सरळ करत होती. ती सरळच होती.

"झालं का माप?" तिने वळून न बघता विचारलं.

"झालं."

"मग तोंडावर पाणी मार. गालावर पोत्याची नक्षी उठलीय."

वर ग्लेन म्हणाला, "तुमचा लॅपटॉप एक तासाच्या वर राखाडी होता."

"मोजत होते."

"एवढा वेळ?"

"नीट मोजायचं तर वेळ लागतो."

मी खोटं क्वचित बोलते. सोपं गेलं, हे लिहून ठेवते.

१२ डिसेंबर

आता मांडणी स्पष्ट आहे. खोकी सवयीने तिथे नाहीत. काय शोषून घेतं ते मीच त्यांना सांगितलं, रंगांचा अर्थही मीच. लाल झाली तर ती बाईच्या नावावर. राखाडी झाली तर माझ्या. नऊ जणी ठरवून पाळीपाळीने बसतात, म्हणून कुणा एकीचीच पट्टी वाईट दिसत नाही. आणि कुणा एकीचीच पट्टी वाईट दिसली नाही तर लिडियाचं नाव वर येत नाही.

व्यवस्था चांगली आहे. फक्त तिचा सगळा भार एका ठिकाणी येतो, आणि ते ठिकाण मी आहे. लिडियाला ते माहीत आहे. स्कॅनर आले त्याच दिवशी तिने विचारलं होतं.

मला राग यायला हवा. बघितलं, आलेला नाही. बहुतेक झोप झाल्यामुळे.

१४ डिसेंबर

लिडियाशी बोलले. गोडाउनमध्ये, धर्मा बाहेर गेल्यावर.

"खोकी मी काढू शकते," मी म्हटलं.

"काढ."

"ग्लेनला सांगूही शकते."

"सांग." ती तांदळाच्या पोत्यावर टेकली, दोन्ही हातांनी गुडघा धरून. "मी काय तुला अडवलंय? मी रागावणार पण नाय. तुझी नोकरी, तुझं नाव. पण बाय, एक सांगू? पोरगी शिकली की तिला वाटतं, बसायला खुर्ची कुणी तरी देतोच. आम्हांला कोण देत नाय. मग आम्ही आमचं बघतो."

"मला माझी नोकरी पक्की करायची आहे."

"मला माझी टिकवायची आहे. घरात कॅश आणणारी मी एकटी. नवऱ्याची बोट तीन आठवडे धक्क्याला उभी आहे." मग आवाज बदलून, "बाबा कसे आहेत?"

मी बाबांबद्दल दुकानात कुणालाही काही सांगितलेलं नाही. ते ऑफिसच्या कामाचा भाग नाही. म्हणून कसं कळलं ते विचारलं.

"गोखिवऱ्याला टिफनीची मावशी आहे. तुमच्याच बिल्डिंगला," ती म्हणाली. "आणि तुझ्या डोळ्यांखाली बघितलं तर मावशी पण नको."

जाताना तिने सुकेळ्यांची, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांची, पानात बांधलेली पुडी हातात दिली. घेणं बरोबर नव्हतं. आईला आवडली. बाबांनीही थोडंसं खाल्लं.

१८ डिसेंबर

ग्लेनने स्वतःच तोडगा काढला. "तिसरा डबा लावा. त्याच कोपऱ्यात, खोक्यांच्या वर. विषय संपला." बरोबर आहे. तांत्रिकदृष्ट्या अगदी बरोबर. अर्ध्या तासाचं काम. जास्तीचा डबा माझ्या बॅगेतच आहे.

जितेंद्र सरांना फोन केला. "लाव आणि सही घे," ते म्हणाले. "जानेवारीपासून तुला पुण्याचं मोठं काम देतो. पक्की."

"सर, घरून पुण्याला रोज जाता येणार नाही."

"मग वसईच्या आसपासचं देतो. पण आधी हे संपव."

दुपारी दोनला लिडिया म्हणाली, "माप घ्यायचं ना?" गेले काही दिवस दोनच्या सुमाराला तो कोपरा नेमका मोकळा असतो आणि कुणीतरी मला मापाची आठवण करतं. कर्मचारी आता मापनाला सहकार्य करतात. आज मी नको म्हटलं.

डबा बॅगेत आहे. उद्या लावायचा.

१९ डिसेंबर

लावला नाही. शिडी धर्माने आणून ठेवली होती, मी मागितली नव्हती. म्हणाला, "लावायचा तर लावा, ताई. मी धरतो. पडू नका." मी चढले, छताला पेन्सिलने दोन खुणा केल्या. वरून आतलं दिसत होतं. टिफनी स्टुलावर होती, बूट काढून, डोकं खोक्याला टेकवून. तोंड उघडं. वीस वर्षांची मुलगी इतकी दमलेली दिसू शकते हे मला माहीत नव्हतं. हॉलमध्ये ती सगळ्यांत जास्त बडबड करते.

खाली उतरले. मार्किंगमध्ये अडचण आहे, असं सांगितलं.

२० डिसेंबर

ग्लेनला लेखी दिलं. मजकूर असा: वायरलेस सिग्नलच्या या पट्ट्यात एकमेकांना त्रास न देणारी चॅनेल, म्हणजे वाटा, तीनच असतात, एक, सहा आणि अकरा. एक आणि सहा आपण वापरतो. अकरा शेजारचा सायबर कॅफे वापरतो. तिथे तिसरा डबा लावला तर दोघांची टक्कर होऊन पूर्ण दुकानाचा वेग कमी होईल, आणि नाताळच्या गर्दीत हा धोका घेऊ नये. मागचा कोपरा ही यंत्रणेची ज्ञात मर्यादा मानावी.

यातलं पहिलं, दुसरं आणि तिसरं विधान खरं आहे. चौथं खरं नाही. सायबर कॅफेचा सिग्नल भिंत ओलांडून कोपऱ्यापर्यंत येत नाही. मी मोजलं आहे.

ग्लेनने दोनदा वाचलं. "दुबईला असं कधी झालं नाही."

"दुबईला दुकानाला लागून सायबर कॅफे नसेल."

"पण रिपोर्ट अपुरा राहणार. मी पूर्ण सही करणार नाही."

"ठीक आहे."

"तुम्हाला चालेल?"

"नाही. पण ठीक आहे."

संध्याकाळी जितेंद्र सर. "सायबर कॅफे? तुझ्या सर्व्हेत तो नव्हता."

"सर्व्हे रिकाम्या दुकानाचा होता, सर. माझी चूक."

पलीकडे सरांनी दार लावल्याचा आवाज आला. मग, "ज्ञानदा, तू हुशार आहेस म्हणून विचारतो. काही वेगळं आहे का?"

"नाही, सर."

"कन्फर्मेशन माझ्या हातात आहे, माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

२३ डिसेंबर

गर्दी. मैदा, बेदाणे, खोबरं, रंगीत कागदाचे तारे. माणसांतल्या पाण्याने सिग्नल पाचाने खाली, अपेक्षेप्रमाणे. तरी कुठेच तुटला नाही, त्या कोपऱ्याखेरीज.

गिऱ्हाइकं लिडियाला हाक मारत होती. "लिडियाबाय, केकला कुठलं लोणी?" "लिडियाबाय, पोरीचं लग्न ठरलं." दिवसभर तिची पट्टी हिरवी. मध्ये एकदा पाऊण तास राखाडी. मग पुन्हा हिरवी. ग्लेन स्क्रीनकडे बघून म्हणाला, "आज बरं काम करतायत आंटी."

मी म्हटलं, "आकडे तसं सांगतात."

३० डिसेंबर

काम सोपवलं. ग्लेनने सहीच्या शेजारी स्वतः लिहिलं: 'मागचा भाग असमाधानकारक.' त्याचं अक्षर सुरेख आहे.

त्याच्यासमोर दीड महिन्याचे आकडे पसरलेले होते. नऊ नावं, नऊ पट्ट्या, जवळजवळ एकसारख्या. "यातून मी कोणाला काढू?" तो मला विचारत होता की स्वतःला, कळलं नाही. ॲन्सेल्म अंकल जिना चढून वर आले होते. ते सहसा येत नाहीत. म्हणाले, "तुझी मशीन बोलते सगळ्या सारख्या, मग सगळ्या ठेव. ईस्टरनंतर बघ काय ते." ग्लेनने कागद गोळा केले. "ईस्टरनंतर," तो म्हणाला.

म्हणजे एप्रिल. लिडियाला सांगितलं. ती म्हणाली, "एप्रिलपर्यंत गुडघा बरा होईल," आणि मग, "नाय झाला तर पाणी हायच."

२ जानेवारी २००७

पत्र आलं. प्रोबेशन तीन महिने वाढवलं. पगार तोच. कारण: 'स्वतंत्र जबाबदारी पेलण्याबाबत शंका.' आईला सांगितलं की ऑफिसमध्ये सगळ्यांचंच वाढवलं. तिने मान डोलावली आणि बाबांची चादर बदलायला घेतली. तिला पटलं असं वाटतं.

१९ जानेवारी

उद्या मिरा रोडच्या एका दुकानाचा सर्व्हे. मुद्दाम शनिवारी, भरलेल्या दुकानाचा घ्यायचं ठरवलं आहे. म्हणून आज मोकळी होते. काल रात्री बाबांनी सांगितलं, काय हवं ते. म्हणजे मला समजलं. ते चादर चाचपत होते ते माझा हात शोधत होते. दिला तर शांत झोपले. मग हात सोडवता येईना, त्यामुळे मी झोपले नाही.

दुपारी आईचं औषध घ्यायला पश्चिमेला गेले आणि दुकानात शिरले. कारण काही नव्हतं. ॲन्सेल्म अंकलनी खुर्चीतूनच विचारलं, "वडील?" मी म्हटलं, "तसेच." त्यांनी मान हलवली.

खोकी तिथेच आहेत. वरचा थर नवीन, खालच्या थरावर धूळ. नाताळ होऊन महिना होत आला, एकही विकलेलं दिसत नाही.

लिडिया साबणाच्या गल्लीत होती. फळीवरचा हात तसाच. मला बघून तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. दोन वाजत होते.

"माप घ्यायचं राहिलं असेल तुझं," ती म्हणाली.

लॅपटॉप बॅगेत होता. आत गेले. पोतं बदललेलं आहे, आता जाड आहे, दोन घड्यांचं. बसले. लॅपटॉप उघडून नेहमीप्रमाणे वाचन घेतलं, कारण आले आहे तर नोंद असावी.

उणे ब्याण्णव. मग सिग्नल नाही.

समाधानकारक.